मागच्या चाकाचा रकाना

—नाही, उभ्या नका राहू वहिनी, बसा त्या बाकावर. काठी आणा इकडे, मी टेकवून ठेवतो. रांगेचं काय घेऊन बसलात, रांग काही पळून जात नाही – अहो लाल गाडीवाले, इंजिन बंद करा आधी, धूर किती तो! – हां, काय म्हणत होतो मी? भिंतीवरचं घड्याळ? ते नका बघू, ते बंद आहे. दादा आपल्या घड्याळांच्या दुकानातून घरी जाताना आत डोकावायचे आणि त्याला किल्ली देऊन जायचे. आता वर्ष झालं, कोण देणार? मी देऊ शकतो म्हणा, हात पोचतो माझा. पण नाही दिली. जाऊ द्या ते. तुम्ही टेम्पोत स्कूटर घालून इथे याल, आणि तेही दादांना पत्ता लागू न देता, हे काही माझ्या ध्यानीमनी नव्हतं. भाच्याने चढवली का? बरं झालं. तुम्ही उचलायला नाही ना गेलात? नाही, तुमचा काही नेम नाही, म्हणून विचारलं.

आता ही स्कूटर. हिच्याबद्दल मला विचारा! एकवीस वर्षं मी या केंद्रात गाड्या तपासतोय आणि एकवीस वेळा ही माझ्यासमोर उभी राहिली, एकवीस वेळा पास. हे बघा रजिस्टर – पास, पास, पास – शाळेत मी एवढ्या वेळा पास झालो असतो तर आज इथे ग्रीस पुसत बसलो असतो का? नव्या गाड्या येतात हो, बटण दाबलं की सुरू आणि मनात आलं की बंद. ही आपली जरा तिरकी करायची, एक किक मारायची, की लागली बोलायला. वर्षभर चादरीखाली पडून होती, तरी आत्ता तिसऱ्या किकला सुरू झाली, ऐकलंत ना तुम्ही? दिवा लागतो, ब्रेक धरतो, हॉर्न तर काय, बहिरा माणूसही दचकून बाजूला होईल. आरसा जरा वाकलाय, तो तुम्ही पडलात तेव्हाचाच. ते मी लिहीत नाही.

हो हो, लिहितो ना, पास लिहायला कितीसा वेळ लागतो. पेन चालत नाहीये जरा. तुम्ही सांगा पुढे – दादा काय म्हणतात? दुकान अजून बंदच? स्क्रू धरायला चिमटा हातात घेतात आणि खाली ठेवतात, असं? ‘हात गेले माझे’ म्हणतात. आणि तुम्ही म्हणता, पासचा कागद त्यांच्यापुढे ठेवीन, किल्ली हातात देईन आणि म्हणेन, चला, मला बाजारात सोडा. तुम्ही मागे बसणार? परत? कमरेखाली एवढं हाड मोडलं, चार महिने पडून होतात, वर ही काठी कायमची – आणि तरी बसणार. धन्य आहे वहिनी तुमची. नाही, रडत नाहीये मी, धूर गेला डोळ्यात. अहो लाल गाडीवाले, किती वेळा सांगायचं!

बरं, एक एक रकाना भरतो. पुढचं चाक – ठीक. स्टेपनी – उत्तम. मागचं चाक – थांबा, हा रकाना जरा मागाहून भरू. तुम्हाला गंमत सांगतो एक. या जुन्या स्कूटरची मोठी सोय कुठली, माहितीये? पुढचं, मागचं आणि स्टेपनीचं, तिन्ही चाकं एकसारखी. कुठलंही कुठेही बसतं. दादांचा नियम होता, तपासणीच्या आदल्या रविवारी चाकं फिरवायची. सगळ्यात झिजलेलं स्टेपनीला आणि सगळ्यात चांगलं मागे. का, तर ‘मागे तुझी वहिनी बसते’ – हे त्यांचे शब्द, माझे नाहीत. आता स्टेपनी असते सीटच्या पाठीला, उभी, डोळ्यांसमोर. मागचं चाक त्या पत्र्याच्या आत, ते बघायचं तर गुडघे टेकायला हवेत, आणि माझे गुडघे कसे आहेत ते तुम्हाला ठाऊकच आहे. मग मी काय करायचो? स्टेपनी बघायचो. सगळ्यात वाईट चाक जर इतकं चांगलं, तर मागचं त्याहून चांगलं असणारच की! आणि असायचंच. दहा वर्षं असंच चाललं. दहा वर्षं मी या गाडीचं मागचं चाक बघितलेलं नाही, वहिनी. दुसऱ्या कुणाची गाडी अशी सोडली नाही हो, आईशप्पथ. फक्त दादांची. त्यांच्यावर विश्वास होता ना.

गेल्या वर्षी आले तेव्हा स्टेपनीला कोरं करकरीत चाक. रबरावर ते बारीक केस असतात ना, ते सुद्धा तसेच. मी म्हणालो, वा दादा, स्टेपनीच नवी, मग मागे काय सोन्याचं चाक बसवलंत की काय? ते काही बोलले नाहीत. म्हणजे – बोलले. बोलले, वहिनी, खोटं कशाला सांगू. म्हणाले, ‘मागचं जरा बघून घे. एक नट सुटत नाहीये मला, हाताला जोर येईना.’ असं म्हणाले, आणि ते घड्याळाकडे गेले किल्ली द्यायला. पाठ माझ्याकडे. मला तेवढा वेळ पुरेसा होता. गुडघे टेकायचे, वाकायचं, बघायचं, झालं. पण रांग होती, आणि मी विचार केला, दादांच्या गाडीचं काय बघायचं? लिहून टाकलं – मागचं चाक, उत्तम. ते वळले, म्हणाले, ‘बघितलंस?’ मी म्हणालो, हो. ‘मग राहू दे नवं चाक स्टेपनीला,’ म्हणाले, ‘पुढच्या वर्षी फिरवू.’ झालं. एवढंच.

मग अकराव्या दिवशी तो लॉन्ड्रीसमोरचा उतार. पाणी वाहत होतं रस्त्यावर. पुढचं मी तुम्हाला काय सांगणार, तुम्ही रस्त्यावर पडलात आणि मी इथे खुर्चीत होतो.

नाही, अजून संपलं नाही. बसा. दवाखान्यात आलो होतो मी, तुम्हाला आत नेलं होतं तेव्हा. दादा बाहेर बसले होते, शर्टाला चिखल तसाच. मला एकच विचारलं – ‘गाडीत काही खोट होती का रे?’ मी काय म्हणालो असेन? काय म्हणालो असेन सांगा. म्हणालो, गाडी ठणठणीत आहे दादा. वय होतं माणसाचं, हात मागेपुढे होतो. हे मी म्हणालो! ज्या माणसाने पन्नास वर्षं डोळ्याला भिंग लावून केसाएवढ्या स्प्रिंगा बसवल्या, त्याला मी म्हणालो, तुमचा हात मागेपुढे होतो. त्यांनी आपले हात उलटेसुलटे करून बघितले. ते बघणं माझ्या डोळ्यांपुढून जात नाही, वहिनी. जीभ झडायला हवी होती माझी.

आणि त्यानंतर काय केलं ते ऐका म्हणजे माझी लायकी कळेल. तुम्ही दवाखान्यात असताना एका दुपारी मी तुमच्या घरी गेलो होतो. शेजारणीकडून किल्ली घेतली, म्हटलं दादांचे कपडे न्यायचेत. खिशात पाना होता. चादर काढली आणि गुडघे टेकले – तेव्हा बरे टेकले मेले! मागचा टायर पार टकला, वहिनी. आतले दोरे बाहेर आलेले. असल्या टायरवर कोरड्या रस्त्यावर सायकल जाऊ देणार नाही मी. म्हटलं, कुणी बघायच्या आत चाकं बदलून टाकू. चारांतले तीन नट सुटले. चौथा सुटेना. पान्यावर पाय देऊन उभा राहिलो, अख्ख्या वजनानिशी. तसूभर हलला नाही. तीन नट परत आवळले, चादर घातली आणि दादांचे दोन शर्ट घेऊन दवाखान्यात गेलो. दादा म्हणाले, ‘तुझ्यासारखा माणूस मिळत नाही.’

कळतंय ना तुम्हाला? नट गंजून बसलाय. माझ्या पायालाही सुटला नाही तो, तर दादांच्या हाताला कसा सुटेल! हात कुठे गेलेत त्यांचे? हातांना काहीही झालेलं नाही. ब्रेक वेळेवरच दाबला असणार त्यांनी, रस्ता धरायला मागे टायरच नव्हता. वर्षभर तो माणूस अंधारात बसलाय आणि मला हे सगळं ठाऊक होतं. रोज ठरवायचो, आज जाऊन सांगतो. रोज. काल सुद्धा.

हे घ्या, लिहिलं. नापास. एकवीस वर्षांत पहिल्यांदा. शेरा वाचून दाखवतो – ‘मागचा टायर बाद. गेल्या वर्षी न तपासता पास केला. चूक तपासनिसाची.’ खाली सही, तारीख. नोकरी जाईल तर जाऊ दे, तशीही आठ महिन्यांचीच उरलीये. हा कागद दादांच्या हातात द्या. पासचा मागत होतात ना तुम्ही, पण त्यांना हा वाचायला द्या.

शिव्या द्या हो मला, काठी घाला डोक्यात.

हे काय, कागद परत का देताय? चुकलंय का काही? मग? ... मी? मीच वाचून दाखवू? नाही वहिनी, ते नका सांगू, त्यांच्यासमोर मला तोंड... आत्ता? आत्ता घरी असतील ते? ... बरं. बरं, येतो. भाच्याला सांगा, गाडी परत टेम्पोत चढव. पाना घेतो बरोबर. त्यांना स्वतः लावून बघू दे त्या नटाला. ही तुमची काठी. सावकाश, पायरी आहे तिथे.

अहो लाल गाडीवाले, नका आणू पुढे. आज तपासणी बंद. बंद म्हणजे बंद – उद्या या.