तिसरीतली जोकुडू

जोकुडू पाचवीत आहे, हो — पण बाई, एवढ्यावर थांबू नका, पुढचंही ऐका. पाचवीत म्हणजे दहा वर्षांची नव्हे. चौदा वर्षांची आहे ती. तिच्या आईला तिकडे काय सांगितलंय तुम्ही लोकांनी? पाचवीत आहे एवढंच? बघा! वाटलंच मला. आता ती माउली काँगोच्या त्या टोकाला बसून दहा वर्षांच्या मुलीची वाट बघत असेल. फ्रॉकसुद्धा शिवून ठेवला असेल, छोटासा, कॉलरवाला — आणि गाडीतून उतरणार ही एवढी उंच. चौदाची पाचवीत कशी? अहो, इथे आली तेव्हा इथली भाषा येत नाही म्हणून पुन्हा पहिलीत बसवली. तिकडे तिसरीत असलेली मुलगी! मग एक वर्ष तापानं गेलं. झाली पाचवी. तेव्हा वय सांगा, बाई. उंची सांगा. माझ्या कानाला लागते म्हणा. इयत्ता सांगू नका. बसा ना, सतरंजी झटकलीय मी. शाळा सुटायला वेळ आहे अजून. शेंगा घ्या, कालच भाजल्यात. ड्रायव्हरला द्या थोड्या — राहू दे, झोपलाय तो.

तुम्ही नवीन आहात का त्या हरवलेली माणसं शोधायच्या ऑफिसात? मग तुम्हाला माहीत नसणार. त्या वेळी तिथे दुसरीच बाई होती, चांगली होती हो, तिचं वाईट म्हणत नाही मी. दिवसभर उन्हात उभी, घसा बसलेला. आम्ही सीमा ओलांडून आलो त्या आठवड्यातली गोष्ट. लढाई आली म्हणून आमच्या कायो-केजीहून निघालो तेव्हा सासू माझ्या पाठीवर, तिला चालवत नव्हतं, आणि माझी जोकुडू — माझी, मी पोटच्या पोरीचं बोलतेय — डोक्यावर भांडी घेऊन पुढे. मीच म्हटलं, तू पुढे हो, त्या आयाबायांबरोबर राहा, झाडाखाली थांब. मग गोळीबार झाला. माणसं अशी पांगली, पोतं फाटल्यावर ज्वारी सांडते ना, तशी. झाडाशी पोचले तर झाड होतं आणि आमचा भाताचा टोप होता, उपडा पडलेला. पोरगी नव्हती.

तर ती बाई मला विचारते, म्हणजे ती इंग्रजीत विचारते आणि एक माणूस आमच्या भाषेत सांगतो — मुलगी केवढी आहे? आता केवढी म्हणजे काय सांगायचं? आमच्याकडे पोर केवढं म्हटलं की कितवीत ते सांगायचं. दुसरं काय सांगणार? मी म्हटलं, तिसरीत. मोठ्या तोऱ्यात म्हटलं हो! आमच्या घरात तिच्याआधी कुणी अक्षर गिरवलं नव्हतं. एवढं सगळं हरवलं होतं, घर, बकऱ्या, माणसं — पण माझी पोर तिसरीत आहे, हे सांगताना माझी मान ताठ झाली. तो माणूस तिला म्हणाला, तिसरी. ती म्हणाली, आठ, आणि लिहून घेतलं. संपलं. तो आठ आकडा मला कळलाच नाही. कुणी माझ्याशी बोललंच नाही आठबद्दल.

आमच्या तिसरीत आठ वर्षांचं कोण असायचं, सांगा! शाळा म्हणजे आंब्याचं झाड. लढाई आली की शाळा बंद, थांबली की चालू, मास्तर पळाला की बंद. पोरगी पहिलीत गेली तीच नऊ वर्षांची होऊन, मग सासू आजारी पडली तेव्हा दोन वर्षं घरी. लाडो म्हणून एक होता तिच्या वर्गात, त्याला मिशी होती! खरंच सांगते. मास्तर त्याला म्हणायचे, लाडो, तू मागे बस बाबा, साहेब आले तर मला सोडून तुलाच नमस्कार करतील. तिसरीत असतानाच त्याचं लग्न ठरलं. आम्ही हसायचो. कुणाला चुकीचं वाटायचं नाही त्यात. माझी जोकुडू चौदाची होती. माझा गाऊन तिला बसायचा. पावसात जन्मली म्हणून जोकुडू — पण पावसात जन्मलेल्या सगळ्याच जोकुडू, आमच्यात घराघरात एक सापडेल. नावानं काय शोधणार?

मग भोंग्यावरून पुकारा झाला. रेडिओवरून झाला. निर्वासितांच्या या वस्तीत, त्या वस्तीत, पार अरुआकडच्या वस्त्यांत. जोकुडू, वय आठ, तिसरीत, आई युनिया, कायो-केजीची. मी रेडिओपाशी बसायचे, शेजाऱ्यांचा होता, माझं नाव ऐकू आलं की रेडिओला कान लावायचे. इंग्रजीत सांगायचे, मग अरबीत, मग आमच्या भाषेची पाळी यायची तोवर घरघर सुरू. सासू म्हणायची, युनिया, आता एवढ्या माणसांनी ऐकलं, आता येईल.

आणि आली की! पांढरी गाडी आली, अशीच, तुमच्यासारखी. सापडली, सापडली म्हणून बायका धावल्या. आमच्या बायका आनंदानं जीभ हलवून आरोळी देतात ना, ती आरोळी सगळ्या वस्तीभर. मी हातातलं पीठ तसंच घेऊन पळाले. दार उघडलं. त्यातून एक एवढीशी पोर उतरली, नाक वाहतंय, पायात मोठ्या माणसाच्या चपला. मी तिला बाजूला सारलं, बाई — हळूच, पण सारलं — आणि गाडीत वाकून बघितलं. आत कुणी नव्हतं. पुन्हा बघितलं, सीटखालीसुद्धा बघितलं, वेडीसारखी. मागे वळले तर ती पोर. ती माझ्या मागे बघत होती. माझ्या पाठीमागे गर्दी होती ना, त्या गर्दीत तिची आई शोधत होती ती. मी तिची नव्हते हे तिलाही कळलं होतं. रडली नाही. मीही रडले नाही. बायका ओरडत होत्या आणि आम्ही दोघी एकमेकींच्या मागे बघत उभ्या.

येई गावाच्या बाजूची, नाव जोकुडू, तिसरीत, आठ वर्षांची. सगळं बरोबर जुळत होतं, आईचं नाव नि गाव कुणी बघितलंच नव्हतं. फक्त माझी नव्हती.

त्या बाईला मी समजावून सांगितलं तेव्हा तिनं डोकंच धरलं. म्हणाली, चौदा? मग तिसरीत कशी? मी म्हटलं, मग चौदाची पोर बसणार कितवीत? नवा पुकारा केला तिनं, चौदा वर्षांची म्हणून. पोरीचं कुणी सापडेपर्यंत ठेवते का, असं मला विचारलं. काय म्हणणार? भाकरी तर रांधलीच होती तिच्यासाठी. म्हणजे — माझ्या पोरीसाठी रांधली होती. खाल्ली हिनं. माझ्या अंगावर पीठ लागलं होतं ते पुसत पुसत म्हणाली, तुमचीपण हरवलीय का? 

नाही, माझी नाही सापडली.

कळलं ते फार उशिरा. एका मयतीला गेले होते, तिथे आमच्या गावची तबिता भेटली. तिला वाटलं मला माहीत आहे. म्हणाली, युनिया, तुझी जोकुडू आमच्या वस्तीत होती की! पुकारा ऐकून पळत गेली होती ऑफिसच्या टेबलाशी. म्हणाली, मी जोकुडू, माझी आई युनिया, मी तिसरीत. तिथला माणूस हसला. ही तिसरीत? अगं, तुझं लग्न व्हायला आलंय, आणि तुला दुसऱ्याच्या आईकडे जायचंय? वय आठ सांगितलंय इथे, आठ! रांगेतले सगळे हसले. तबिता म्हणाली, मीसुद्धा हसले गं, मला काय माहीत. मग ती बाजूला येऊन उभी राहिली. तबितानं विचारलं, तुझीच आई असेल तर? तर म्हणाली — माझी आई मला आठ वर्षांची कशी म्हणेल? आईला माहीत नाही का माझं वय? ती कुणी दुसरी युनिया आहे. माझी आई तिकडेच राहिलीय.

आणि परत गेली. मला शोधायला. सीमा ओलांडून, उलटी, जिकडून सगळे पळून येत होते तिकडे. चार बायका ज्वारी काढायला चोरून जायच्या आपल्या शेतात, त्यांच्याबरोबर गेली. बायका परत आल्या. ती म्हणाली, मी घरी बघून येते. आमचं घर तर पहिल्याच दिवशी जळलं होतं. पुढचं कुणाला माहीत नाही. तुमचा दुसरा पुकारा झाला तेव्हा ऐकायला ती नव्हतीच इथे. तो चौदाचा, खरा.

घ्या ना शेंगा. तुम्ही काहीच घेत नाही.

हिचं सांगते. ही मला आई म्हणत नव्हती आधी. युनियामावशी म्हणायची. सासू गेली त्या वर्षी म्हणायला लागली, एकदम, कुणी शिकवलं नाही. मला बरं नव्हतं आणि बाहेरून कुणीतरी विचारलं घरात कोण आहे, तर ही ओरडली, आई आहे! मी चादरीत तोंड घालून पडून राहिले. आता ती बरोबर तेवढी झालीय, माझी होती तेवढी. पाठमोरी पाणी भरताना बघते ना मी — जाऊ दे.

मागच्या महिन्यात तुमचा माणूस आला, म्हणाला हिची आई सापडलीय काँगोत, चौकशी चालू आहे, तुमच्याकडची मुलगी तीच का ते नक्की करायचंय. खरं सांगू? माझ्या जिभेवर आलं होतं. ती मुलगी तिसरीतली ना? आता नववीत असायला हवी. ही तर पाचवीत. ही नव्हेच ती. एवढं म्हटलं असतं तर तुमचा माणूस मान हलवून गेला असता, हो ना? गेलाच असता! तुम्ही लोक इयत्तेवर विश्वास ठेवता. जिभेवर आलं होतं बाई, ओठांपर्यंत. पण मग ती तिकडची आई दिसली मला, रेडिओला कान लावून बसलेली. म्हटलं, हीच ती. चौदाची आहे म्हटलं. तरी तुमच्या माणसानं पाचवीच कळवली!

माझ्यासाठी पुन्हा पुकारा करू का, असंही विचारत होता तो. नको म्हटलं. काय सांगणार? वीस वर्षांची बाई असेल ती आता. असली तर. आणि तिसरीतच.

सांगितलंय ना तिला? — कुणाला, जोकुडूला? हो, सांगितलं. म्हणजे तिची बॅग भरून ठेवलीय मी. कपडे धुतलेत सगळे. सांगणारच होते. रविवारी सांगणार होते, तर चर्चमध्ये तिचं गाणं होतं. मग सोमवारी तिची परीक्षा — असं बघू नका माझ्याकडे. आज सकाळी सांगणार होते, डोक्याला तेल लावताना. ती आपली बडबडतेय, संध्याकाळी कसाव्याचे कंद काढू, मला रताळ्याचा पाला घालून कालवण कर. मी हो म्हटलं. काय करू? तिला वाटतंय ती संध्याकाळी इथेच जेवणार आहे.

आई आहे हो तिची. माहीत आहे मला. मला नका समजावू, बाई. आईला काय वाटत असेल हे मला समजावणार तुम्ही?

थांबा. सुटली शाळा. त्या बघा पोरी, तो निळा फ्रॉक नव्हे, मागची — हातात चपला घेऊन चालणारी. गाडी दिसली तिला. बघा, चालणं कसं हळू झालं. — उठू नका तुम्ही. बसून राहा. तुम्ही एक अक्षर बोलायचं नाही. मी सांगते. माझ्याच तोंडून सांगते. ड्रायव्हरला सांगा, गाडीचं दार बंद करून घे म्हणावं, उघडं दार नको दिसायला तिला.

ये गं, जोकुडू. ये. पाणी पी आधी. काही नाही, पाहुण्या आल्यात. या बाई ना —

या बाई —