गाडीला घातलेला कोट

—नाही रे बाबा, पँट हरवली नाही. ती काय, गाडीला घातलीय. आणि ते दार लाव आधी, खोपटातली सगळी ऊब चालली ना बाहेर! लागत नाही? खाली लाथ मार, बर्फ अडकतो तिथं. हां. आता बाकावर बस. शेगडीपाशी? शेगडीपाशी जागा नाही, तिथं गाडी आहे. माणसाचं काय, माणूस दोन उड्या मारतो, हात चोळतो, गरम होतो — इंजिन उड्या मारतं का? नाही मारत. मग आधी कोणाची सोय बघायची? तोंडावरचं फडकं राहू दे तसंच, गोठलेलं असताना ओढलंस तर मिशी हातात येईल. आणि माझ्या पायांकडे बघू नकोस. लोकरीची आतली विजार आहे, चांगली जाड आहे, लाजण्यासारखं काही नाही तिच्यात.

पहिल्यांदाच आलास वाटतं डोंगरात? दिसतंय ते. मग ऐक — लोकांना वाटतं, इंजिन म्हणजे तापणारच. तापेल, उन्हाळ्यात तापेल! ही मुळात मातीत पळणारी मोटारसायकल, तिचं पुढचं चाक काढून बर्फावर घसरणारी पट्टी लावली, मागचं काढून पट्टा लावला, झाली स्नोबाइक. पण आतलं इंजिन तेच ना, त्या बिचाऱ्याला कोणी सांगितलंय की आपण आता बर्फात आलो? ताज्या बर्फात घुसलं की थरच्या थर रेडिएटरवर. पाणी तापतच नाही, पेट्रोल धड जळत नाही, ऑइलमध्ये उतरतं, आणि ऐन चढावर — फुस्स! म्हणून झाकायचं. मी आधी रेडिएटरवर चिकटपट्टी मारली — उडाली. मग बिअरच्या खोक्याचा पुठ्ठा लावला — भिजला. मग म्हटलं, पाठीवरच्या पिशवीत नवाकोरा कोट पडलाय, शुद्ध लोकर, आतून अस्तर, तो काय पिशवीत बसून शोभा करणार? घातला. फरक पडला हं! मग म्हटलं सिलिंडर उघडा राहतोय, तर पँट गुंडाळली. वरून टाय बांधला. काय बसलाय बघ टाय — माझ्या गळ्यात जन्मात धड गाठ बसली नाही, आणि तिच्या हँडलखाली पहिल्या फटक्यात! डावी बाही जरा जळली, सायलेन्सरला लागली. चालायचंच.

कोट कशाला म्हणून काय विचारतोस? लग्नाला. माझ्या नव्हे रे, मी एकदा केलं तेवढं पुष्कळ झालं. मुलीच्या. मेरिटच्या. एकुलती एक पोर आहे माझी. कधी म्हणजे — आज. दुपारी, खाली गावातल्या चर्चमध्ये. वाजले किती? राहू दे, सांगू नकोस. जाणार ना, जाणार नाही तर काय, सख्खा बाप आहे मी! रसल ओडेगार्डच्या पोरीचं लग्न, आणि रसल ओडेगार्ड नाही? पण इंजिन जरा गरम होऊ दे ना. थंड इंजिन पळवलं की वाट लागली त्याची. घरून? घरून ट्रकने वीस मिनिटं. हो, रस्ता साफ केलेला आहे. हो हो, ट्रक चालू आहे! म्हटलं जरा डोंगरावरून जाऊ, मोकळी हवा… अरे, तू काय पोलीस आहेस का?

बरं, सांगतो. तू कोण कुठला, तुला सांगायला काय जातं. नवरीला बापानं हात धरून आत न्यायचं असतं ना, तर मेरिटला दोन्ही बाप हवेत. एक या हाताला, एक त्या हाताला, आणि मधून ही नवरी. दुसरा कोण? ड्वेन! माझी बायको लोरेन पोरीला घेऊन, मला सोडून ज्याच्याकडे बॉइसीला गेली, तो. मी त्याला आजवर बघितलेलं नाही. बोलावलं होतं पुष्कळदा, नाताळला वगैरे — मी कशाला जातोय! काय करतो ठाऊक आहे? पोहायचे तलाव विकतो. आयडाहोत! अर्धं वर्ष जिथं पाण्याचा दगड झालेला असतो, तिथं हा शहाणा तलाव विकतो, आणि लोक घेतात! आणि माणूस चांगला आहे म्हणे. तीच तर पंचाईत आहे. नालायक असता तर दोन शिव्या हासडून मोकळा झालो असतो. पोरीच्या तापात उशाशी बसला तो. शाळेच्या पालकसभांना गेला तो. तिला गाडी चालवायला शिकवली त्यानं — मी! मी जिवंत असताना त्यानं शिकवली! आणि मी काय करत होतो? इंजिनं गरम करत होतो. आता चर्चच्या मधल्या वाटेनं तिघांनी चालायचं, आणि सगळ्या गावानं बघायचं, हा जन्माचा बाप आणि हा कामाचा बाप. पाय नाही उचलत रे माझा. लाज वाटते, दुसरं काय.

ए, हात नको लावू तिला! भाजलं? भाजणारच. सकाळपासून शेगडीला टेकून उभी आहे, तिच्यावर अंडं तळून निघेल आता… हो, बरं, झालीय गरम. झालीय मघाशीच. दाखव बोट. मोजा काढ हातातला, बर्फ लाव. आणि जॅकेटची चेन कशाला उघडतोस, फुंकर मार नुसती — थांब. ते काय आहे आत? फूल? कोटाला पांढरं फूल?

तुम्ही… तुम्ही तलाव विकता का हो?

नाही, मान नका हलवू नुसती. बसा. इकडे बसा, शेगडीकडे, सरकवतो मी गाडी. आधी बोलायचं नाही का हो, मी इतका बडबडतोय तर? हां, मी बोलू दिलं नाही. खरं आहे. माझ्या गाडीच्या खुणा धरत, धूर बघून आलात? भाड्याची स्नोमोबाइल घेऊन? आयुष्यात पहिल्यांदा? अहो, उलथून पडला असता कुठं दरीत! लोरेननं पाठवलं? नाही. मेरिटनं? तिला माहीतच नाही? मग ती कुठाय? चर्चच्या दारात? पाहुणे आत बसलेत, आणि ती म्हणते बाबा आल्याशिवाय पाऊल टाकणार नाही… या थंडीत? कधीपासून? अंगावर काही आहे की नाही पोरीच्या, की नुसता तो पातळ झगा?

ऊठ. ऊठ म्हणतो ना! दे ती पँट. ओढ, ओढ, फाटली तर फाटू दे. कोट दे. जळका तर जळका, वास येईल जरा. नाही, माझी गाडी नको, तिच्यावर एकाचीच जागा. राहू दे तिला इथं. निवली तर निवली, खड्ड्यात गेलं ते इंजिन! तुझ्या गाडीवर दोघं मावतो. पुढे मी. तू मागे बस, आणि कंबर घट्ट धर माझी. लाजू नकोस. वाटेत एक अक्षर बोलायचं नाही.

नाही, थांब. एक सांग. ती तुला काय म्हणते? घरात, हाक मारताना? …ड्वेन? नुसतं ड्वेन? इतकी वर्षं? तापात उशाशी बसलास, तरी?

मूर्ख आहे पोरगी. माझ्यावर गेलीय. पूस ते डोळे, पापण्या गोठतात बाहेर. आणि आता गप्प बस.