वलगावच्या अंगणवाडीत बिटाची लढाई

...नायी हो, कुत्रं नायी चावलं! सारं गाव हेच विचारून राहिलं. डॉक्टरनंही सुई टोचता टोचता विचारलं, "बाई, कुत्रं पाळीव होतं का मोकाट?" म्या म्हटलं, पाळीवच हाये, चार वर्साचं हाये, चंदन नाव हाये त्याचं अन् माह्याच अंगणवाडीत येते! अकरा वर्सं झाले मले वलगावात लेकरं सांभाळता, अन् थ्या अमरावतीच्या सुपरवायझर मोनाली मॅडम मले शिकवतात, "वच्छलाताई, मुलांना प्रेमानं शिकवा!"

प्रेमानं!

झालं काय, मागच्या टायमाले मॅडमनं रजिस्टर पायलं अन् बोलल्या, लेकराइचे वजन वाढले नायी तर वर कळवावं लागन. अन् खोटं कायले बोलू, माह्या जिवालेही घोर होताच. आरजूच घ्या ना. साडेचार वर्साची पोरगी, दंड मोजाले पट्टी लावली का लाल खुणेवरच थांबायची. काही खात नायी, खेळत नायी, भिंतीले टेकून बसते. खाल्लेच तर दुकानातले पोंगे, थे पोकळ नळ्यावानी कुरकुरे!

म्हणून त्या दिवशी म्या पातेलंभर बीट उकडले, मटकीची उसळ केली. मॅडम आल्या, पांढराफेक ड्रेस घालून. म्हणल्या, "आधी व्यायाम! हात वर!" पंधरा लेकराइचे हात वर गेले. "हात खाली!" तं चंदनचा हात थेट बाजूच्याच्या टाळक्यावर! "ताई, प्रेमानं समजवा त्याला..." समजावतच होती मी, तं खिडकीतून चंदनचा आजा, महादेवराव, पोंग्याचा पुडा घेऊन हजर! "घे बापा, थो पाला काय खाते? ढोर हायेस का तू?"

आता सांगा, डोकं फिरन का नायी? म्या पुडा धरला. चंदननं दुसऱ्या बाजूनं धरला. मी वढते, थो वढते, अन् फाटकन पुडा फुटला! पोंगे साऱ्या खोलीत! अन् त्याच्यावर चौदा लेकरं... झिंज्या, बुक्क्या, लाथा, कोनाचा पाय कोनाच्या नाकात! म्या चंदनले वढाले हात घातला, तं बोटाचा लचकाच तोडला ना त्यानं! मी बोंबलून राहिली, अन् मॅडम खुर्चीवर चढून वरतून, "ताई, प्रेमानं! प्रेमानं!"

अन् आरजू! तिले एकही पोंगा भेटला नायी. पयल्यांदा जाग्यावरून उठली पोरगी. पातेल्यातून बीट घेतलं अन् फेकलं! महादेवराव भांडाले आत आले होते, त्याइच्या धोतरावर. दुसरं मॅडमच्या कपाळावर! लाल रस पांढऱ्या ड्रेसवर वघळला, मॅडम किंचाळल्या, "रक्त! रक्त!" अन् खुर्चीसकट आडव्या!

मंग कोन आयकते? पातेल्यावर हल्ला! अर्धा घंटा बीट उडून राहिले. आरजू धावते, वाकते, उडी मारते, नेम धरून हानते! महादेवराव डोक्यावर बादली पालथी घालून कोपऱ्यात, अन् बादलीवर धाड धाड धाड!

बीट सपले, तवा थांबले. सारे धापा टाकून राहिले. आरजू माह्याजवळ आली, तोंड लालभडक. म्हणे, "बाई, भूक लगी."

दोन वाट्या उसळ खाल्ली तिनं. खाली सांडलेलं बीट उचलाले गेली, थे धुवून देल्लं, तं थेही खाल्लं. मले रडू आलं. बोटामुळं का तिच्यामुळं, देव जाने.

मॅडमनं रजिस्टरात काय लिवलं म्हनता? "शारीरिक हालचाल उत्तम." प्रेमाचं काही लिवलं नायी.

तवापासून रोज आधी अर्धा घंटा लढाई, कापडाच्या गोळ्याइची, मंग जेवन. दोन महिन्यात आरजूचं वजन किलोभर वाढलं. आता तरास एकच. महादेवराव रोज सकाळी दहाले बादली घेऊन दारात उभे रायते. म्हणे, "बाई, पळून पळून माहे गुडघे मोकळे झाले, आजही खेळू द्या!" देते बापा. उसळही मांगते आता... थेही दोन वाट्या!