चौकटीवरची डबी

(संध्याकाळ. थेरपिस्टांचं ट्रेनिंग संपवून अनुया आणि तिच्या कामावर देखरेख करणाऱ्या सीनियर शैलाताई, दोघी शैलाताईंच्या गाडीतून मिल्टन कीन्सला परत निघाल्या आहेत.)

अनुया : पण मी तिला 'छान' म्हटलं, शैलाताई. छान! निघालंच कसं माझ्या तोंडातून?

शैलाताई : आधी सीटबेल्ट लाव. ती टिकटिक ऐकवत नाहीये. दिवसभर त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून कंबर गेलीय माझी. हं, आता सांग. नाव घेऊ नकोस.

अनुया : आपली सुपरव्हिजन मंगळवारी असते.

शैलाताई : तुझी क्लायंट उद्या येणार, तेही शेवटचं. मग मंगळवारी काय, श्राद्ध घालायचंय? बोल.

अनुया : नवरा गेला म्हणून येते ती माझ्याकडे. सत्तरीची आहे, शाळेत शिकवायची. ज्यू आहे. गेल्या हिवाळ्यापासून येतेय, पण आत्ता आत्ता कुठे मोकळं बोलायला लागली होती. मागच्या वेळी म्हणाली, "दाराच्या चौकटीवरची मेझुझा मी काढून टाकली."

शैलाताई : ती छोटीशी डबी. आत प्रार्थना लिहिलेली असते.

अनुया : तीच. घर घेतलं तेव्हा नवऱ्याने लावलेली. ही बुटकी, तर स्टुलावर चढून काढली म्हणाली. आणि मला वाटलं, ग्रीफ वर्क! नवऱ्याचं एकेक आवरायला घेतलंय. मी म्हटलं, "छान. घर हळूहळू तुमचं व्हायला लागलंय."

शैलाताई : अगं बाई.

अनुया : "तसं नाही," म्हणाली ती. मग सांगितलंन. पार्सल घेऊन एक माणूस आला होता. त्याने ती डबी बघितली, हिच्याकडे बघितलं, पार्सल पायरीवर आपटलं आणि म्हणाला, "लाज नाही वाटत तुम्हा लोकांना?" तिने संध्याकाळी कॉयरमधल्या मैत्रिणीला सांगितलं, तर ती म्हणे, "हो, पण तिकडे काय चाललंय ते बघतेस ना?"

शैलाताई : म्हणजे आधी युद्धावर मत द्या, मग तुमच्या रडण्याचं बघू.

अनुया : दुसऱ्या दिवशी तिने स्क्रू ड्रायव्हर शोधला.

शैलाताई : आणि हे कळल्यावर तू काय केलंस?

अनुया : ते नका विचारू.

शैलाताई : अनुया, मी अडुसष्ट वर्षांची आहे, दमलेय, आणि अंधारात गाडी चालवतेय. लाडीगोडी लावायला लावू नकोस.

अनुया : इतकं ओशाळल्यासारखं झालं की काहीतरी चांगलं सांगावंसं वाटलं. मी म्हटलं, "आमच्या इंडियात असं कधीच नव्हतं हो." आणि सुरूच झाले. पुण्याचं लाल देऊळ. लोक सिनेगॉगला देऊळ म्हणतात, बघा किती आपलेपणा! कोकणातले शनवार तेली, म्हणजे तिथले ज्यूच, घरात मराठी बोलणारे. शाळेत माझ्या बाकावर रिबेका नागावकर बसायची, तिच्या डब्यातल्या घावनांसाठी आम्ही कशा भांडायचो...

शैलाताई : घावनंसुद्धा?

अनुया : घावनंसुद्धा. ती बिचारी माझ्याकडे बघून हसत होती. "हाऊ लव्हली," म्हणत होती. तिच्या सेशनच्या पन्नास मिनिटांतली निम्मी मीच खाल्ली. जाताना माझा हात दाबून म्हणाली, "तू वाईट वाटून घेऊ नकोस." ती मला! आणि काल रिसेप्शनला निरोप, उद्या येऊन सेशन्स थांबवते.

शैलाताई : हं.

अनुया : खोटं नव्हतं ना पण ते?

शैलाताई : खोटं कोण म्हणतंय? पण तिचं दार मिल्टन कीन्समध्ये आहे गं. तुझ्या लाल देवळाचा तिला काय उपयोग? पाय मोडलेल्या माणसाला आपण सांगत नाही, आमच्या घरात सगळे छान चालतात.

अनुया : नाही सांगत.

शैलाताई : आणि ती रिबेका. तिला कधी विचारलंस, अख्ख्या वर्गात एकटी असताना तुला कसं वाटतं म्हणून?

अनुया : नाही. घावनं खायचो फक्त.

शैलाताई : आपण सगळ्यांनीच खाल्ली. सोड. आज तुझ्या ग्रुपमध्ये काय झालं? तो उंच माणूस फार हातवारे करत होता.

अनुया : रोल-प्लेसाठी तिघांचा ग्रुप होता. मी थेरपिस्ट, एक बाई ज्यू क्लायंट, तो नुसता बघणारा ऑब्झर्व्हर. बाईने दोन वाक्यं बोलायचा अवकाश, हा सुरू, "पण हे अँटिसेमिटिझम, ज्यूद्वेष आहे की नुसतं पॉलिटिक्स?" मग अख्खा हॉल त्यावरच. ट्रेनर स्वतः ज्यू, ती शेवटी म्हणाली, "तुमची मतं तुमच्यापाशी ठेवा, मला ती बदलायची नाहीत. पण खोलीत बसलेल्या माणसाला आधी विचारा, तुमच्या बाबतीत काय घडलं?" आवाज बसला होता तिचा.

शैलाताई : बसणारच. दर ठिकाणी हेच सांगायचं, आणि दर ठिकाणी आधी स्वतःची जबानी द्यायची.

अनुया : लंचला ती कुठे होती, बघितलंत?

शैलाताई : बघितलं. कार पार्कमध्ये. स्वतःच्या गाडीत बसून सँडविच खात होती.

अनुया : एवढ्या लोकांत कोणी तिला आपल्या टेबलावर बोलावलं नाही. सगळे थेरपिस्ट!

शैलाताई : आपणही नाही बोलावलं.

अनुया : ...नाही.

शैलाताई : मी मनात म्हटलं, दमली असेल, जरा एकटी बसू दे. हे फार सोयीचं असतं. समोरच्याला एकटं राहायचंय असं ठरवून टाकलं की आपल्याला उठावं लागत नाही. चल, राऊंडअबाऊट यायच्या आत करून टाकू. मी तुझी क्लायंट.

अनुया : आत्ता? शैलाताई, माझ्यात त्राण नाहीये.

शैलाताई : उद्यासुद्धा नसणारे. ऐक. "मी थांबवायचं ठरवलंय. तुमच्यावर राग नाही हं माझा."

अनुया : "राग आला तरी चालेल. इथे तो सेफ आहे."

शैलाताई : हे पुस्तकातलं. मी कोट घेऊन निघाले. पुन्हा.

अनुया : "मी समजू शकते तुम्हाला काय वाटलं असेल. मीसुद्धा बाहेरून आलेली, मलाही बसमध्ये एकदा..."

शैलाताई : आता बसमधली घावनं! तुझी बस खरी आहे, ती मला मंगळवारी सांग. तिच्या वेळात नाही. पुन्हा.

अनुया : "मागच्या वेळी तुम्ही मला एक भीतीची गोष्ट सांगितलीत आणि मी तिला छान म्हटलं. मग माझ्या गावाबद्दल बोलत बसले. माझं चुकलं."

शैलाताई : बरं. "असू दे हो. तुम्ही चांगल्या मनानेच म्हणालात."

अनुया : "तरी चुकलं. आणि मला सावरायचं काम तुमच्यावर पडलं."

शैलाताई : हं. आता थांब. लगेच पुढचं बोलू नकोस, ती काय म्हणते बघ. ती म्हणेल, "तुम्हीच सांगा, ती डबी परत बाहेर लावू का?"

अनुया : हे विचारेल ती?

शैलाताई : मी विचारलं असतं.

अनुया : मग काय सांगायचं? लावा म्हटलं तर उद्या कोणी दगड मारला तर? नको म्हटलं तर त्या पार्सलवाल्यासारखीच मी... शैलाताई, एक्झिट! आपला एक्झिट गेला.

शैलाताई : जाऊ दे. फिरते अजून एकदा. बोल तू.

अनुया : माझ्या दारावर गणपतीची टाईल आहे. सासूबाईंनी दिलेली. इतक्या वर्षांत माझ्या मनातसुद्धा आलं नाही की ही काढावी का. आणि मी तिला 'आमच्याकडे असं नव्हतं' सांगत बसले. मला काय माहीत, लावू का म्हणून? मला कधी काढावीच लागली नाही.

शैलाताई : हे तिला सांगशील?

अनुया : नाही. हे तुम्हाला सांगितलं.

शैलाताई : शहाणी. मग तिला काय?

अनुया : लावायचं की नाही ते तिचं ती ठरवेल. एवढे दिवस मला वाटत होतं, नवऱ्याचं दुःख एकीकडे आणि हे दुसरीकडे. पण त्याने लावलेली तिने काढली ना? एकाच स्क्रूवर दोन्ही होतं, आणि मला एकही दिसलं नाही.

शैलाताई : ती उद्या येऊन थांबवणारच असेल, तर थांबवू दे. धरून ठेवायचं नाही.

अनुया : नाही धरणार. पण जायच्या आधी कोणीतरी तिला त्या दिवसाबद्दल नीट विचारलेलं असावं. तिकडच्या बातम्यांबद्दल नाही, माझ्या पुण्याबद्दल नाही.

शैलाताई : आलं बघ तुझं घर. गणपतीवरचा दिवा लागलाय. उतर, जेवून झोप.

अनुया : मी तिला विचारीन, ती डबी काढताना स्टूल कोणी धरलं होतं.

शैलाताई : कोणीच नसेल गं धरलं.

अनुया : माहीत आहे. तरी विचारीन.