कुंकू लागलेला कमरेचा दिवा

नमस्कार मागनं. आधी सांगा, टेबलावरच्या ह्या नव्या दिव्याला हळदकुंकू कुणी लावलं? बटणात कुंकू गेलं आन् दिवा बंद. ज्या दिव्यापायी सत्कार, त्योच इझवून ठेवलाय!

आता नमस्कार. मानाचे अध्यक्ष विश्रामराव, पुण्याहून आलेले कंपनीचे शैलेशसाहेब, सत्कारमूर्ती नरहरी आन् माले गावच्या समद्या मंडळींनो, मी सगुणाबाई. नरहरी पाच वर्षं माझ्या मागच्या खोलीत भाडेकरू. नोकरी सोडून हितं तारा जोडत बसला. भाडं येळेवर, आंघोळ कधीमधी.

लोडशेडिंगात धार काढताना बॅटरी धरायची कुणी? आमी बाया दातात धरायचो. ते बघून ह्यानं कमरेला बांधायचा दिवा केला, घरोघरी दिला. दांडी फिरवली की भरतो. मग तशीच मोबाईल भरायची डबी केली. दोन्हीला सरकारनं पेटंट दिलं, म्हणून आजचा हार.

पहिल्या खंडेनवमीला आमी कोयत्या-विळ्यासंगं दिव्यालाबी कुंकू लावलं. दुसऱ्या दिवशी गावातलं समदं दिवं मुकं! नरहरी वरडला, "आजी, विजेच्या वस्तूला कुंकू कोण लावतं?"

मी म्हणलं, "जे राबतं त्याला लावतो. तुला कुटं लावलंय?"

मग त्यो आन् माझी सून उषा पडवीत बसली. दात घासायच्या ब्रशानं एकेक दिवा साफ केला, बटणावर सायकलच्या ट्यूबचं रबर बसवलं. तवापास्नं उषा दिवं दुरुस्त करती, नवंबी जोडती. दिवं तिचं ऐकत्यात, ती माझं ऐकत न्हाई.

आता नरहरी पेटंट कंपनीला देऊन बंगळूरला चाललाय. जाऊ दे. मी रडायची न्हाई, खोलीला दुसरा भाडेकरू बघितलाय. पण मघाशी शैलेशसाहेब म्हणाले, पेटंट म्हंजी दुसऱ्या कुणी हा दिवा बनवायचा न्हाई. तुमी टाळ्या वाजवल्या. उषानं न्हाई वाजवल्या.

कंपनी दिवा करणार डोंगर चढायला येणाऱ्या पोरांसाठी. टेबलावरचा ह्यो त्यांचाच नमुना. त्याला रबर न्हाई, झाकण चिकटवून बंद. उषानं आत्ता उघडून बघितला, उघडंना. साहेब म्हणत्यात, बिघडला तर टाकून नवा घ्या. आन् आमच्या गोठ्यात काय, परत बॅटरी दातात? माझं तर दातबी ऱ्हायलं न्हाईत.

मांडव घालणाऱ्यांचे, जेवण रांधणाऱ्यांचे आभार. बोलणं कुणाला टोचलं आसंल तर पोटात घाला, वर जिलबी हायच.

कंपनीची सही उद्या हाय. गावापुरतं दिवं उषानं बनवायचं, हे त्या सहीच्या आधी ठरणार का न्हाई? शैलेशसाहेब, तुमी बसा. उषा, तू मान हलवू नगंस. नरहरी, ऊठ. तू सांग.