कोरी भुकटी

"...न्हाय हो मॅडम, ताप उतरलाय, पन झोपलीय नेत्रा — उठवू नका. बसा ना. पोरगी फोन उचलंना म्हनून गाइड मॅडम स्वतः मुंबईहून बोटीनं येतील असं वाटलंच नव्हतं. नाक्यावरचा फ्लेक्स बघितलात? 'डॉ. नेत्रा' — व्हय, अजून डॉक्टर झाली न्हाय, मलाबी कळतं, पन परेशभावजींना कोन थांबवनार? पुतनीचा पेपर छापून आला म्हनून गावभर पेढे वाटले त्यांनी.

तुमच्यापुढं मी काय सांगू — ती नॅनो का काय ती भुकटी, मला आपली रांगोळीच दिसते. पन मागं घरी आनलेली, तिच्यावर जांभळा दिवा धरला अन् कुंकवागत लाल पेटली! 'आई, चिमटीभर युरोपियम, अन् बघ केवढा उजेड!' — नाचायचीच बाकी व्हती. मंग? मंग गेल्या आठवड्यात तिनं ते युरोपियम, लाल उजेड देनारा धातू, न घालता कोरी भुकटी केली, नुसती ताडून बघायला. तीबी लाल पेटली. जिच्यात काही घातलंच न्हाय ती पेटंल कशी? तर भट्टीत ठेवायच्या त्या चिनीमातीच्या वाटीला आधीच्या कुनाचं तरी युरोपियम चिकटलेलं — दर बारीला तेच उतरत व्हतं. म्हंजे किती चिमटीला किती उजेड, हा हिशेब चुकला, पेपरातलाबी चुकला. मुद्दाम न्हाय हो केलं तिनं!

घरी आली ती जेवंचना. म्हनाली, 'मॅडमना सांगून पेपर मागं घेते.' अन् मी — मी म्हनलं, गप बस, कुनाला कळनारे? 'मला कळलंय ना,' म्हनाली. तरी मी तिचा फोन तांदळाच्या डब्यात — म्हंजे — तुमचे फोन तिनं टाळले न्हाईत, मॅडम. मीच वाजू दिले. ताप? ताप कसला...

असं बघू नका. फ्लेक्स उतरवावा लागंल, लोक हसतील, एवढंच आलं डोक्यात. पोर भिंतीकडं तोंड करून बसलेली, ती दिसली न्हाय मला. आत्ता तुमी दारात आलात तवाबी वाटलं, दोन घास खाऊ घालून तुमालाच गळ घालावी — झाकून घ्या म्हनून. आई हाय मी तिची, अन् हे असं.

आत कुनी न्हाय. सकाळच्या बोटीनं ती तुमच्याकडंच गेलीय, फोनबिगर, त्या कोऱ्या भुकटीची बाटली घेऊन. तुमच्या लॅबच्या दारात उभी असंल. — उठा, मॅडम. न्हाय, माझं काय बोलू नका तिच्यापाशी. निघा. बोट चुकंल."