मोराच्या डब्यातलं तूप

हॅलो?… हो, महाडच. खाद्य तपासनीस बोलतोय… कोण?… अहो, तोंड जरा लांब धरा, कान फुटतोय माझा… येसूबाई? कुठल्या येसूबाई?… हां. पोलादपूरच्या बाजारात मोर छापलेल्या डब्यात तूप घेऊन बसला होतात, त्या.

बरं, विकायला नव्हतात बसला. नाते गावी लेकीकडे निघाला होतात, मोटारीची वाट बघत होतात. त्या दिवशी दहादा ऐकलं मी… हो, हो… अहो बाई, ऐका ना. पण बसलात कुठं? तूपवाल्यांच्या रांगेत… सावली होती म्हणून. धन्य आहे.

डब्यावर काय छापलंय? 'वनस्पती तूप'. आणि आत?… घरचं, म्हशीचं. तेच तर सांगतोय. सरकारचा कायदा आहे, वर लिहिलंय तेच आत पाहिजे… 'नाय' कसं? चांगलं असलं म्हणून काय झालं? वरच्या गोऱ्या साहेबाला मी काय सांगू?

मुलानं मुंबईहून रिकामा डबा धाडला, ठाऊक आहे. झाकण घट्ट बसतं, मुंग्या लागत नाहीत, तेही ठाऊक आहे. तुमच्या डोंगरावर घरोघरी तेच डबे. मग वरचं चित्र खरवडून का नाही काढलं?… लेकानं धाडलेला मोर, हात धजला नाही?… काय बोलावं आता तुम्हाला.

तुपाचा नमुना तपासायला मुंबईला गेलाय. तिकडून कागद येईपर्यंत माझ्या हातात काही नाही… महिनाही लागेल… मैना कोण?… लेक. बाळंत झाली?… बरं, बरं, मुलगी झाली. आनंद आहे… डिंकाचे लाडू कशात करायचे ते मी काय सांगू? दुसरं तूप घ्या… म्हैस आटली. साठवलेलं तेवढंच. हं.

अहो, पण सील ठोकून डबा तुमच्याच ताब्यात दिला होता ना, पाटलासमोर अंगठा घेऊन?… घरीच आहे? मग मला कशाला छळताय? एव्हाना सील फोडून निम्मं संपवलंही असेल. सगळे तेच करतात, आणि मग… काय?

नाय फोडलं?

अहो, दहा दिवस झाले… सुतळी, लाख, सगळं तसंच?… तुमच्या त्या डोंगरमाथ्यावर बघायला कोण येणार होतं?… मी सांगितलं होतं म्हणून?… आणि लेक तिकडे काय खाते?… नाचणीची पेज. नुसती.

थांबा, फोन ठेवू नका.

येसूबाई, नमुना घेतानाच वास आला होता मला. घरचं तूप, कळत होतं. तरी छापलेलं वाचलं आणि सील ठोकलं. माझं चुकलं… ऐकताय ना? फोडा ते सील. आजच. कोणी विचारलं तर माझं नाव सांगा… हॅलो?… येसूबाई?… हॅलो?

एक्स्चेंज? अहो, पोलादपूर तुटलं. पुन्हा जोडा… उद्या सकाळी? उद्या कसं चालेल?…

बरं, राहू द्या. मीच जातो. पोलादपूरची मोटार किती वाजता सुटते, तेवढं सांगा… आणि परतीची?… परतीच्या मोटारीत एक जागा जास्त लागेल. तुपाचा डबा आहे, नाते गावी पोचवायचाय.